दुष्काळी गावे आणि चर्चची भागीदारी : नगर जिल्ह्यातील काही अनुभव

लिंबायतमधील एका शाळेच्या स्मृतिव्याख्यान-पुस्तिकेत चर्च आणि ग्रामविकास हा विषय कसा काय आला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. श्रोत्यांमध्ये ख्रिस्ती कुटुंबांतली मंडळी थोडीच असणार. परंतु या विषयाचे दुसरे टोक आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरात आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत जी मराठी वस्ती झाली, ती मुख्यतः धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून. यंत्रमागांच्या कारखान्यांनी तिला इकडे ओढले हे खरे, पण गावाकडच्या कोरड्या विहिरींनी तिला मागून रेटले हेही तितकेच खरे. ज्या गावात जानेवारीनंतर शेतात काम उरत नाही आणि मार्चनंतर पिण्याचे पाणी उरत नाही, त्या गावातला तरुण गाडीत बसतो. त्याला गावातच थांबता यावे यासाठी महाराष्ट्रात ज्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले, त्यांत ख्रिस्ती संस्थांचा वाटा मोठा आहे. त्या प्रयत्नांत काय साधले, काय फसले आणि का, हे समजून घेणे आपल्याला उपयोगाचे आहे.

हे प्रयत्न सर्वांत ठळकपणे दिसतात ते अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. हा जिल्हा पर्जन्यछायेचा. त्याच्या बऱ्याच भागात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही लहरी. आपल्या शिंदखेड्याची किंवा साक्रीच्या पूर्व भागाची स्थिती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेगळे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

प्रथम एका शब्दाची फोड करणे आवश्यक आहे. ‘चर्चने मदत केली’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबलेल्या असतात. पहिली म्हणजे गावातली उपासक माणसे. मराठी ख्रिस्ती समाज त्यांना ‘मंडळी’ म्हणतो. दुसरी म्हणजे मिशनने उभारलेल्या संस्था : दवाखाने, शाळा, शेतीकेंद्रे. तिसरी म्हणजे देशव्यापी व परदेशी मदतयंत्रणा. १९४७ साली स्थापन झालेली ‘कासा’ आणि १९६२ सालची ‘कारितास इंडिया’ या त्यांपैकी दोन. नगर जिल्ह्यातली खेड्यांतली मंडळी बहुतांशी दलित समाजातून आलेली आणि स्वतःच गरीब. त्यामुळे ‘श्रीमंत चर्च आणि गरीब गाव’ हे चित्र तिथे मुळातच चुकीचे ठरते. मंडळीचा सभासद हा त्याच गावातला भूमिहीन मजूर होता. मदत मागणाऱ्यांच्या रांगेत तोही उभा होता आणि गावातल्या विहिरीवर त्यालाही मज्जाव होता.

नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ साली सुरू झाले. १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांत मिशनने अन्नवाटप केले, अनाथ मुलांना आसरा दिला, कामे काढली. त्याच काळात धर्मांतरेही मोठ्या संख्येने झाली. उपाशी माणसाने स्वीकारलेला धर्म कितपत स्वेच्छेचा, हा प्रश्न टीकाकारांनी विचारला आणि काही मिशनऱ्यांनाही तो सतावत होता. या काळातल्या मदतीने असंख्य जीव वाचले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्या मदतीत देणारा वर आणि घेणारा खाली होता; काय द्यावे, कोणाला द्यावे, केव्हा थांबवावे हे सारे देणारा ठरवीत असे. प्रस्तुत लेखाचा खरा विषय आहे तो हा संबंध हळूहळू कसा बदलला. निर्णय, हिशेब आणि दुरुस्ती या तीन गोष्टी गावाच्या हाती किती गेल्या, यावरून भागीदारीचे माप घेता येते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे माप लावून पाहण्यासाठी हापशाचे उदाहरण फार बोलके आहे. गावोगाव, शाळेच्या आवारात, वस्तीच्या चौकात दिसणारा तो लोखंडी हातपंप आपण इतका गृहीत धरतो की त्याला काही इतिहास असेल असे वाटतच नाही. महाराष्ट्राच्या पठारावर खाली काळा बेसाल्ट खडक. साध्या विहिरीचे पाणी आटले की त्याखाली जाण्यास हाताच्या औजारांनी मार्ग नव्हता. १९६० च्या दशकात मराठवाडा व नगर भागात काम करणाऱ्या मिशन-संस्थांनी दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रण-यंत्रे आणून कठीण खडकात बोअर घेण्यास सुरुवात केली. पाणी लागले, पण ते वर काढायचे कसे? बाजारात मिळणारे बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेले होते. गावात त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो घागरी भरल्या जात. दांड्याची खीळ झिजे, बीड तडके, आणि काही आठवड्यांतच पंप बंद पडे. १९७४ च्या सुमारास झालेल्या पाहणीत देशातल्या दर चार हातपंपांपैकी सुमारे तीन बंद आढळले होते. पाणी जमिनीत, पैसा खर्च झालेला, आणि बाई पुन्हा घागर घेऊन नदीत झिरा उकरते आहे, असा तो देखावा.

यावर तोडगा निघाला तो जालना, वडाळा आणि सोलापूर येथल्या लहान कार्यशाळांत. तिथल्या कारागिरांनी बिडाऐवजी पोलादाचे जोडकाम केले, अनेक सांध्यांऐवजी दांड्याला एकच भक्कम टेकू दिला. सोलापूरच्या पंपात दांडा आणि पाण्यातला दट्ट्या यांना साखळीने जोडले, म्हणजे दट्ट्याची सळई सरळ रेषेत वरखाली होई आणि वाकडी ओढ बसत नसे. पंपाचा पाया बोअरच्या नळावर नुसता आवळण्याऐवजी काँक्रीटच्या ओट्यात पक्का रोवला. पुढे केंद्र सरकार, युनिसेफ आणि अभियंते यांनी सोलापूरच्या याच पंपावरून ‘इंडिया मार्क टू’ हा नमुना सिद्ध केला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले, आणि तो आफ्रिका खंडातल्या अनेक देशांतही पोहोचला. दुष्काळी महाराष्ट्रातल्या कार्यशाळेतून निघालेली वस्तू जगाने उचलावी, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत का नसावी, याचे नवल वाटते.

तथापि हापशाच्या कथेला दुसरी बाजू आहे. मार्क टू टिकाऊ होता, पण बिघडला की गावाच्या हाती काही नसे. दट्ट्याचे चामड्याचे वायसर बदलण्यासाठी सगळे नळ वर काढावे लागत. त्यासाठी तिकाटणे, जड पाने, गाडी आणि तालुक्याहून येणारी टोळी. ती येईपर्यंत आठवडे जात. म्हणून १९८० च्या दशकात ‘मार्क थ्री’ आला. त्यात नळ न उपसता दट्ट्या वर काढता येतो आणि गावातला शिकलेला माणूस किंवा बाई ही दुरुस्ती करू शकते. यंत्र गावाला दिले एवढ्याने ते गावाचे होत नाही, त्याचा पाना कोणाच्या घरी आहे हे पाहावे लागते, हा धडा अभियंत्यांना मिळाला. समाजकार्य करणाऱ्यांना तो मिळण्यास आणखी एक दुष्काळ जावा लागला.

तो १९७२ चा दुष्काळ. आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतले लाल मिलो आणि सुकडी त्याच वर्षातली. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची, तलावांची कामे काढली. पुढे १९७७ च्या कायद्याने महाराष्ट्रात रोजगाराची हमी आली, तिची मुळे या अनुभवात आहेत. चर्चशी संबंधित संस्थांनीही कामाच्या मोबदल्यात धान्य देऊन विहिरी व बांध यांची कामे केली. त्या वेळी नगरला फादर हर्मन बाखर नावाचे स्विस जेझुइट काम करीत होते. १९२४ साली जन्मलेले बाखर १९४८ साली भारतात आले. नगरचे ‘सोशल सेंटर’ त्यांनी १९६० च्या दशकात उभे केले. सुरुवातीला या केंद्राचा भर विहिरी आणि शेतीकर्जे यांवर होता. गरीब शेतकऱ्याला विहीर मिळाली की तो उभा राहील, असा सरळ हिशेब त्यामागे होता. अवर्षणाच्या वर्षांत तो चुकला. विहिरी वाढल्या, पण जमिनीत मुरणारे पाणी वाढले नव्हते. जुन्याच रांजणात नवी भांडी बुडवावी, तशातला तो प्रकार.

येथे थोडे गणित करून पाहू. ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर ५० लाख लिटर पाणी. १,००० हेक्टरांच्या एका लहान गावशिवारात ते ५०० कोटी लिटर होते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पाच लाख टँकर. ज्या गावात उन्हाळ्यात दिवसाला दोन टँकर येतात, त्याच गावाच्या उघड्या डोंगरावरून पावसाळ्यात हे सारे पाणी माती घेऊन धावत निघून जाते. त्यातला अल्पसा हिस्सा जरी शिवारात अडला आणि मुरला, तरी विहिरींचे चित्र पालटते. ही गोष्ट बाखर यांनी एकट्याने शोधली असे नव्हे. पुरंदरात विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत, पारनेर तालुक्यात अण्णा हजारे यांचे राळेगणसिद्धी ही कामे १९७० च्या दशकातच सुरू झाली होती. राळेगणची कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही सूत्रे नगर जिल्ह्यात सर्वतोमुखी होती. बाखर यांचे वैशिष्ट्य असे, की एका असामान्य पुढाऱ्याच्या गावात जे घडले ते सामान्य गावांत घडवता येईल का, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला.

त्यातून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. १९८९ पासून त्याची जुळवाजुळव झाली आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रत्यक्ष कामे सुरू झाली. पैसा जर्मन सरकारचा, तो येणार नाबार्डमार्फत. गावाला तयार करण्याचे काम स्वयंसेवी संस्थांचे. या संस्थांना प्रशिक्षण देण्यासाठी बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ साली ‘वॉटर’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी संस्था काढली. कार्यक्रमात चर्चच्या संस्था होत्या तशाच इतरही होत्या. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीचे नाव आज द्राक्षांमुळे सर्वत्र झाले आहे. तिथले पाणलोटाचे काम याच कार्यक्रमातले, आणि ते करणाऱ्या संस्थेचा चर्चशी संबंध नव्हता. चर्चच्या वर्तुळातून निघालेली पद्धत अशी चर्चबाहेर रुजली, हे प्रस्तुत लेखकाला तिचे सर्वांत मोठे यश वाटते.

पद्धतीची बांधणी पाहण्यासारखी आहे. गावाने आधी अर्ज करायचा. मग एकदम मोठी रक्कम न देता शिवाराच्या एका लहानशा तुकड्यावर काम करून दाखवायचे. हा काळ साधारण वर्ष-दीड वर्षाचा. त्यात गाव श्रमदान करते का, भांडणे मिटवते का, चराईबंदी पाळते का हे दिसते. ग्रामसभेने निवडलेली ग्राम पाणलोट समिती तयार होते. मुख्य कामाचा पैसा या समितीच्या आणि संस्थेच्या संयुक्त खात्यात येतो. चेकवर गावच्या प्रतिनिधीची सही लागते. ज्या माणसाने आयुष्यात सही केली ती फक्त सोसायटीच्या कर्जरोख्यावर, त्याने लाखोंच्या खात्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवायचा, हा बदल लहान नव्हे.

काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे, हा तांत्रिक नियम. डोंगरमाथ्यावर सलग समतल चर आणि झाडे, उतारावर ओघळींना दगडांचे अडसर, खाली शेतांना बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी नाल्यावर बंधारा. आपल्याकडे पुढाऱ्यांना बंधारा आधी हवा असतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते. माथा तसाच ठेवून बंधारा बांधला तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. नियोजनही कार्यालयातल्या नकाशावर होत नाही. तंत्रज्ञ आणि समितीचे सदस्य एकेका गटावर जातात, त्या जमिनीचा मालक आणि त्याची पत्नी यांना सोबत घेतात, मातीची खोली, उतार, सध्याचे पीक पाहतात, आणि इथे बांध कुठून जावा, कोणती झाडे लावावीत हे तिथेच उभ्याने ठरते. मालकाची संमती त्या गटापुरती लेखी घेतात. शेकडो गट असे पायी फिरायचे म्हणजे महिने जातात. पण कागदावरचा बांध आणि शेतातला बांध यांत मग फरक राहत नाही, आणि पुढे कोणी तो रात्रीतून नांगरून टाकीत नाही.

श्रमदान म्हणजे काय, याबद्दलही या कार्यक्रमात स्पष्टता होती. अकुशल मजुरीच्या खर्चाचा ठरावीक हिस्सा, साधारण सहाव्या-पाचव्या भागाइतका, गावाने श्रमाच्या रूपाने द्यायचा. भूमिहीनांना आणि एकट्या बाईच्या आधाराने चालणाऱ्या घरांना यातून सूट. ही सूट फार महत्त्वाची आहे. ज्याची जमीन सुधारणार आहे त्याने घाम गाळावा हे न्यायाचे. ज्याला गुंठाभरही जमीन नाही त्याने दुसऱ्याच्या बांधासाठी फुकट राबावे, ही वेठबिगारी झाली. श्रमदानाचे गोडवे गाणाऱ्या आपल्या अनेक मोहिमांत हा भेद केला जात नाही.

संगमनेर तालुक्यातल्या म्हसवंडी, मेंढवण, दरेवाडी अशा गावांत ही पद्धत राबवली गेली. दरेवाडीला पूर्वी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झालेल्या कामानंतर तिथल्या विहिरींत पाणी टिकू लागले, गवत वाढले, दूध वाढले. ‘वॉटर’ या संस्थेला २००९ साली जपानचा क्योटो जलपुरस्कार मिळाला. नाबार्डने या अनुभवाच्या आधारावर १९९९-२००० मध्ये २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभारला.

पण येथेच थांबलो तर हा लेख प्रचारपत्रक होईल. चराईबंदीचा भार कोणावर पडला? ज्याच्याकडे जमीन आहे, त्याने म्हैस दावणीला बांधली आणि बांधावरचे गवत कापून आणले. ज्याच्याकडे फक्त दहा शेळ्या आहेत, त्याच्यासाठी गायरान बंद झाले म्हणजे शेळ्या विकणे आले. धनगर मेंढपाळांना वर्षांची वाट सोडावी लागली. दरेवाडी परिसरातल्या धनगर आणि ठाकर कुटुंबांचा या बंदीला विरोध होता, आणि तो अडाणीपणाचा नव्हता. त्यांचा हिशेब बरोबर होता. जॉन केर यांनी महाराष्ट्र व आंध्र प्रदेशातल्या पाणलोट प्रकल्पांचा अभ्यास केला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. लोकसहभागाचे प्रकल्प इतरांहून सरस ठरले, परंतु लाभ मुख्यतः जमीनधारकांना मिळाला आणि बंदीची झळ भूमिहीनांना व स्त्रियांना लागली, असे त्यात आढळले. काही गावांनी गायरान एकदम बंद न करता तुकड्यातुकड्याने बंद केले, मजुरीची कामे आधी भूमिहीनांना दिली, बायकांचे बचतगट उभे केले. या उपायांनी धार बोथट झाली, पण प्रश्न सुटला असे म्हणता येत नाही. दुसरा प्रश्न नंतरचा. विहिरीला पाणी आले की शेजारी बोअर पडतात, ऊस आणि कांदा येतो, आणि सर्वांनी मिळून मुरवलेले पाणी ज्याची मोटर मोठी तो उपसतो. समितीने बोअरबंदी ठरवली तरी तिच्या मागे कायद्याचे बळ नसते. पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडण्याची प्रथा हिवरे बाजारने रूढ केली. ती ज्या गावांनी घेतली नाही तिथे दहा वर्षांत टँकर परतण्याची भीती राहते.

पाण्याकडून आरोग्याकडे वळू, कारण गावातल्या ‘खालच्या’ माणसाचा हा जो प्रश्न पाणलोटात अडला, त्याला त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एका डॉक्टर दांपत्याने वेगळे उत्तर दिले होते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या ध्यानात आले की बरे करून पाठवलेले रुग्ण पुन्हा त्याच रोगाने परत येतात. रोग गावातल्या पाण्यात, उपासमारीत आणि अज्ञानात आहे. अमेरिकेत पुढील शिक्षण घेऊन १९७० साली त्यांनी जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. जागतिक चर्च परिषदेच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाचे पाठबळ त्यास होते.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावांत पाठवल्या. त्या टिकल्या नाहीत, गावात मिसळल्याही नाहीत. मग गावानेच निवडलेली बाई, बहुधा मध्यमवयीन, बहुधा निरक्षर, तिलाच शिकवायचे असे ठरले. बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, लसीकरण, मुलाचे वजन या गोष्टी ती शिकली आणि शेजारणींना शिकवू लागली. दर आठवड्याला या बाया जामखेडला मुक्कामी येत. निरनिराळ्या जातींच्या बाया. रात्री सर्वांसाठी अनेक गोधड्या जोडून केलेले एकच मोठे पांघरूण असे. भाषण न देता जात मोडण्याचा तो मार्ग होता. १९७२ च्या दुष्काळात बोअर घेताना ते शक्यतो दलितवस्तीत घेतले गेले. ज्याला पाणी हवे त्याने तिथे यावे, अशी ती व्यवस्था. शंभर वर्षे ज्या माणसाला पाणवठ्यापासून दूर उभे केले, त्याच्या दारात सारे गाव घागरी घेऊन आले.

प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या आत आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडचा अनुभव घेतला गेला, आणि १९७८ च्या आल्मा आटा परिषदेने प्राथमिक आरोग्याची जी घोषणा केली तिच्या मागच्या उदाहरणांत तो होता. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. २००५ साली सरकारने ‘आशा’ कार्यकर्ती नेमण्यास सुरुवात केली. आज लिंबायतच्या गल्लीतही ती घरोघर फिरताना दिसते. तिच्या पूर्वसूरींत जामखेडच्या त्या निरक्षर बाया आहेत.

आता नाजूक भागाकडे. चर्चची संस्था गावात आली की ‘हे धर्म बदलायला आले’ ही शंका येतेच. आपण गुजरातेत राहतो; १९९८ च्या नाताळात शेजारच्या डांग जिल्ह्यात प्रार्थनागृहांवर हल्ले झाले हे आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. या शंकेला इतिहासात आधार नाही असे म्हणता येत नाही. दुष्काळातल्या धर्मांतरांचा उल्लेख वर आलाच आहे. पण वर वर्णिलेल्या कामांना ती कितपत लागू पडते, हे त्यांच्या बांधणीवरून तपासता येते. ज्या कामात पैसा गावाच्या खात्यात, निर्णय ग्रामसभेत आणि लाभ गट नंबरानुसार, तिथे मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागण्याला जागाच फार थोडी उरते. उलट मदत जिथे एका माणसाच्या मर्जीने वाटली जाते तिथे, मग तो पाळक असो, महाराज असो वा आमदार, काहीतरी परतफेड अपेक्षित असतेच. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला असा पैसा देणे बंद केले. मोठ्या संस्थेकडून लहान ग्रामसंस्थेकडे जाणारी वाट त्यामुळे अडली. हिशेबाची शिस्त हवी हे मान्य, तरी या तरतुदीने सर्वांत लहान संस्था प्रथम गुदमरल्या असे वाटते.

पद्धत कोणा एका धर्माच्या मालकीची नाही, याचा पुरावा आपल्या साक्री तालुक्यातच आहे. बारीपाडा या आदिवासी गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकापासून जंगल राखले, कुऱ्हाडबंदी केली, पाणी अडवले. ते वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते. धर्मांतराच्या प्रश्नावर ही संघटना आणि चर्च परस्परांच्या विरुद्ध बाजूंना उभे असतात. तरीही बारीपाडा आणि दरेवाडी यांची नियमावली शेजारी शेजारी ठेवली तर अनेक कलमे सारखी निघतील. पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. फादर बाखर २०२१ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये वारले.

सुरतहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने आपण व्यारा, नवापूर, चिंचपाडा ओलांडून गावी जातो. चिंचपाड्याला मिशनचे रुग्णालय आहे आणि त्या पट्ट्यातल्या आदिवासी कुटुंबांचा त्यावर पुष्कळ भरवसा आहे. त्या गाडीत बसणाऱ्या आपल्या लोकांना या साऱ्याशी थेट संबंध असलेली एक अडचण सांगून हा लेख संपवतो. वर सांगितले की पाणलोटाचे नियोजन गटागटावर, मालकाला समोर उभे करून होते. खानदेशातल्या कोणत्याही कोरडवाहू गावात असे पथक फिरू लागले तर दर काही गटांनंतर त्याला एकच उत्तर मिळते : मालक सुरतला असतो. सातबाऱ्यावर नाव चार भावांचे, त्यांतले दोघे लिंबायतला, एक उधन्याला, गावात म्हातारी आई. तिला संमती देता येत नाही. भाऊबंदांना तिच्या वतीने बोलण्याचे धाडस होत नाही. मग बांध त्या गटाशी येऊन तुटतो, आणि तुटलेल्या बांधातून पावसाचे पाणी खालच्या तीन शेतांची माती घेऊन जाते. पथक चर्चच्या संस्थेचे असो, कल्याण आश्रमाचे असो वा कृषी खात्याचे, त्याची गाठ याच कोऱ्या जागेशी पडते. आखाजीला आपण बहुतेक सारे गावी जातो. चर खोदण्याचे आणि बांध घालण्याचे दिवस तेच, पावसाच्या आधीचे. ग्रामसभाही त्याच सुमारास घेता येते, आणि चारही भाऊ एका ओट्यावर बसलेले वर्षातून बहुधा तेव्हाच सापडतात.